तिसऱ्या सुईचं गाऱ्हाणं

ठाकूरद्वार, ७ फेब्रुवारी २०२२

दत्ताराम,

माईची लसीची तारीख तू मला न विचारता रद्द केलीस, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोन मी मुद्दामच करत नाही. फोनवर तू ओरडतोस, मग मी तुझ्याहून मोठ्याने ओरडते आणि शेवटी शेजारचे दार वाजवतात. आशीर्वाद वगैरे यावेळी लिहीत नाही.

शुक्रवारी माघी गणपतीच्या आरतीनंतर तू घातलेल्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ अनुजाने मला पाठवला. तुझ्या मुलीला दोष देऊ नकोस. बाबांचा आवाज किती छान लागलाय हे दाखवायला तिने तो पाठवला होता. छानच लागला होता. "बा देवा महाराजा, ह्या चाळीतल्या लेकरांनी दोन दोन सुयो टोचून घेतल्यो, तरी रोग इलोच. आता ह्या चाळीतलो कोण तिसरी सुई घेवचो नाय. आमका तुझोच हात पुरे!" आणि डिलाईल रोडची अख्खी चाळ हात जोडून म्हणते, "व्हय महाराजा!"

आपले बाबा त्याच जागी उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. गावाला पाऊस पडू दे म्हणायचे, संप मिटू दे म्हणायचे, कोणाच्या मुलीचं लग्न जमू दे म्हणायचे. देवाकडे मागायचे. देवाच्या नावावर लोकांना हुकूम सोडत नव्हते.

माई आपली थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची आहे. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांची देठं काढण्यात तिची छाती गेली. दमा आहे, साखर आहे. जानेवारीत तुम्ही तिघं तापाने आडवे झालात तेव्हा खालच्या भिवाने आपली खोली तिला दिली आणि स्वतः गॅलरीत झोपला, म्हणून ती सुटली. तिच्या दुसऱ्या मात्रेला नऊ महिने होऊन गेले. साठीच्या पुढच्या आजारी माणसांना आता तिसरी मिळते, म्हणून बुधवारची वेळ मी घेऊन ठेवली होती. तिच्याबरोबर भिवाचीही घेतली होती. आज कळलं, त्यानेही आपली सोडली. "दत्तान शब्द दिल्यान," एवढंच त्याने अनुजाला सांगितलं.

बुधवारी माईला आणि भिवाला टॅक्सीत बसव आणि घेऊन जा. नाहीतर चाळीसमोर उभा राहा, दुसरं गाऱ्हाणं घाल आणि पहिलं मागे घे. दोन्ही केलंस तर उत्तम.

सुभद्रा


डिलाईल रोड, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

तू आशीर्वाद दिला नाहीस तरी माझा नमस्कार घे. आपल्यात तशी पद्धत आहे, तुमच्या गिरगावात बदलली असेल.

पत्र अनुजाच्या हाती देतोय, ऑफिसला जाताना टाकेल. बुधवार आला. माई घरीच आहे, मजेत आहे. आत्ता कांताने केलेली भाकरी नि सुकट खातेय आणि मीठ कमी म्हणून शिव्या घालतेय.

आता ऐक. तू कॉलेज शिकलीस, शाळेत सायन्स शिकवलंस, मान्य. पण मागच्या वर्षी फॅमिली ग्रुपवर कोणी लिहिलं होतं, दोन मात्रा झाल्या की निर्धास्त? मी ते चाळभर सांगत फिरलो. माझी ताई सांगते, ती काय उगाच सांगणार नाय. म्हाताऱ्यांना रांगेत मी उभं केलं, भर उन्हात खुर्च्या मी वाहिल्या. तेव्हाच्या गाऱ्हाण्यात मीच म्हटलं होतं, सुईला यश दे महाराजा. तो हुकूम नव्हता काय? तेव्हा तुला चाललं!

आणि जानेवारीत काय झालं? मला झाला, कांताला झाला, पोरीला झाला. गॅलरीत दर दुसऱ्या दाराला खोकला. लोक माझ्या तोंडावर हसले. "काय दत्ताशेठ, तुमच्या ताईचं औषध एक्स्पायरी होतं काय?" आणि तुलाही झाला. ते तू लपवलंस. मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही पोरीकडून. का लपवलंस? सुई हरली असं दिसलं असतं म्हणून?

व्हायरस बदलला हे तुम्हीच सांगता. रोग नवा, सुई जुनी. मग तीच जुनी सुई तिसऱ्यांदा कशाला? मिल बंद झाल्यावर मी चौदा वर्षं टॉवरला वॉचमन होतो. कुलूप बदललं की जुनी चावी कितीदा फिरवा, दार उघडत नाही, एवढं मला कळतं. आणि हा ओमिक्रॉन सर्दीपडशासारखा आहे असं टीव्हीवर डॉक्टरच सांगतात. ते पण अडाणी काय?

गाऱ्हाणं मागे घ्यायचं नसतं. मी बोललो, चाळ व्हय म्हणाली, तिथे तो शब्द माझा एकट्याचा राहिला नाही. माईनेही व्हय म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने.

दत्ताराम


ठाकूरद्वार, ११ फेब्रुवारी

दत्ताराम,

माईने मोठ्याने म्हटलं कारण तिला कमी ऐकू येतं. तू देवासमोर पाण्याच्या वेळा वाचून दाखवल्या असत्यास तरी ती व्हय महाराजा म्हणाली असती. आरती संपल्यावर तिला बाजूला बसवून विचारलंस का, तुला सुई हवी की नको? नाही विचारलंस. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचा होकार तू गर्दीत उरकून घेतलास.

ग्रुपवर मी लिहिलं होतं, बरंचसं निर्धास्त. "बरंचसं" तू गाळलंस. नुसत्या "बरंचसं"वर खुर्च्या उचलायला चार माणसं जमत नाहीत, हे मला कळतं. पण गाळलंस तू, आणि आता हसू झालं म्हणून माझ्या नावावर टाकतोस.

आजार लपवला, कारण तुला कळलं असतं तर अंगात ताप असताना तू पेजेचा डबा घेऊन इथे आला असतास. तीन दिवस ताप होता. खोलीत एकटी होते. ऑक्सिमीटरमध्ये बोट घालून बसायचे आणि तुला शिव्या द्यायचे. बरं वाटायचं.

चावीचं उदाहरण चुकलं. गेटचंच घे. तुझ्याकडे चोराचा फोटो होता. चोर मिशी काढून आला, वेगळा शर्ट घालून आला, तुला ओळखू आला नाही आणि गेटातून आत शिरला. ते जानेवारीत झालं. पण वर मजल्यावर माणसं जागी होती, त्यांना त्याची चाल ओळखीची वाटली आणि त्याला कपाटापर्यंत पोचू दिलं नाही. तुम्ही तिघं तापलात, खोकलात आणि उठलात. गेटावर चुकला म्हणून सोसायटीने पहारा बंद केला होता का? तू चौदा वर्षांत कधीच चुकला नाहीस, असं मला लिहून देशील?

ओमिक्रॉन सौम्य आहे म्हणतोस. कोणाला सौम्य? आता जवळपास प्रत्येकाच्या अंगात आधीच्या सुईची नाहीतर आधीच्या आजाराची काहीतरी ताकद आहे. त्यातला किती सौम्यपणा विषाणूचा आणि किती त्या ताकदीचा, हे अजून कोणाला नीट वेगळं काढता आलेलं नाही. मलाही नाही. टीव्हीवरच्याला आलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

तिसरी मात्रा जुन्याच सुईची आहे, हे खरं. संसर्ग ती काही महिनेच अडवेल, तोही अर्धामुर्धा, हेही खरं. विषाणूने पुन्हा रूप बदललं तर आणखी कमी अडवेल. यातलं काहीही मी तुझ्यापासून लपवत नाही. पण म्हाताऱ्या माणसाची उतरलेली ताकद ती पुन्हा वर आणते आणि हॉस्पिटलची खाट टळण्याची शक्यता वाढवते. शक्यता म्हणते आहे. खात्री तुझ्या गाऱ्हाण्यात मिळते, माझ्याकडे मिळत नाही. म्हणून चाळ तुझ्यामागे उभी आहे, माझ्यामागे नाही.

माईसाठी आणि भिवासाठी पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. यावेळी ती रद्द झाली तर मी तिथे येईन आणि जे बोलायचं ते गॅलरीत उभी राहून बोलेन.

सुभद्रा


डिलाईल रोड, १५ फेब्रुवारी

ताई,

भिवा काल सकाळी गेला.

शनिवारी धाप लागली, रविवारी हॉस्पिटलात नेला. टेस्ट पॉझिटिव्ह आली. अनुजा तुला फोन करत होती, मी थांबवलं, म्हटलं मी लिहितो. पुतण्या कणकवलीहून निघाला पण पोचला नाही. आम्हाला लांबूनच दाखवला.

आता लिही काय लिहायचं ते. तारीख त्याने माझ्या शब्दावर सोडली. नळावर भेटला तेव्हा म्हणाला, "दत्ता, तू देवाक सांगलंस मगे माझा काय चलताला?" आणि हसला. लिही, दत्ताने मारला. गॅलरीतून जाताना लोक बाजूला सरकतात. कांता जेवायला वाढते आणि निघून जाते.

पण एक मी पण विचारतो. त्याने दोन घेतल्या होत्या ना? उन्हात त्याला मीच उभा केला होता. मग त्या दोन कुठे गेल्या? तुझी मजल्यावरची माणसं त्या दिवशी कुठे झोपली होती? याचंही उत्तर दे. एकाच कागदावर दोन्ही लिही.

माई विचारते, भिवा कुठाय. गावाला गेला असं सांगितलंय.

दत्ताराम


ठाकूरद्वार, १७ फेब्रुवारी

दत्ताराम,

माईला खरं सांग. आधी ते कर, मग पुढचं वाच.

भिवाचं. तू माझ्यासमोर दोन वाक्यं ठेवतोस आणि लिही म्हणतोस. मी दोन्ही लिहिणार नाही. नऊ तारखेला त्याने तिसरी घेतली असती तरी ती अंगात भिनायला दोन आठवडे लागले असते. तो त्याआधीच पडला. तेव्हा तुझ्या गाऱ्हाण्याने भिवा गेला, असं मी म्हणू शकत नाही. आणि दोन घेऊनही गेला म्हणजे सुई फुकट, असं तू म्हणू शकत नाहीस. ऐंशीला टेकलेला माणूस, मूत्रपिंडं निकामी होत आलेली, दुसरी मात्रा घेऊनही वर्ष होत आलेलं. त्या दोन नसत्या तर तो मागच्या वर्षीच गेला असता का? माहीत नाही. एका माणसाच्या मरणावरून मला काहीही सिद्ध करता येत नाही. येत असतं तर केलं असतं. तुझा मला तेवढा राग आलेला आहे.

हे वाचून तुला सुटल्यासारखं वाटेल. वाटू देऊ नकोस. सुईने भिवा वाचला असता की नाही हे मला माहीत नाही, पण ती घ्यायची की नाही हे ठरवणं त्याचं होतं. ते तू त्याच्याकडून काढून घेतलंस, आणि तो हसत देऊन बसला. ज्या माणसाने आपल्या बहिणीला स्वतःची खोली दिली आणि थंडीत गॅलरीत झोपला, त्याच्याकडून. याची माफी मी तुला देणार नाही. माझ्याकडे मागूही नकोस, ती माझी नाही.

आता माई. अनुजाने फोनवर सांगितलं, गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी माई भिवाच्या दारात बसून गप्पा मारत होती. त्यामुळे उद्याची वेळ मी सोडली. आठ-दहा दिवस तिचा ताप बघायचा. रोज सकाळ-संध्याकाळ अनुजा मला आकडा कळवेल, तू मध्ये पडायचं नाही. ती यातून सुटली तर तिला माझ्याकडे पाठव. तुझ्या देवाची परवानगी निघेपर्यंत मी थांबणार नाही, आणि तुला चाळीसमोर मान खाली घालायला लावण्यातही मला रस नाही. मला माझी बहीण हवी आहे, जिवंत.

सुभद्रा


डिलाईल रोड, २० फेब्रुवारी

सुभे,

ह्या अनुजा लिवता, मी सांगतंय. चिठी तुका आणि दत्ताकय. दोघांका वाचून दाखव म्हटलंय.

भिवा गेलो ता माका कळला. दत्तान सांगूक नाय, कांतान सांगल्यान. दोन दीस मी जेवूक नाय.

तुमी दोघा माझ्यावरसून भांडतास आणि माका कोण इचारणा नाय. आता मीच सांगतंय. माका सुई व्हयी. मरूची भीती नाय, माझा सगळा झाला. पण हॉस्पिटलात एकटी मरूची भीती आसा. भिवाक शेवटाक पाणी कोणी घातल्यान? कोणी नाय.

पण दत्तान देवाफुडे सांगल्यान ता मी मोडूचंय नाय. मी त्याच्या घरात रवतंय. घरच्याच माणसान मोडल्यान तर तो चाळीत खंयच्या तोंडान उभो रवतलो? मिल गेली, नोकरी गेली, त्याच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय आता काय आसा? तू एवढी शिकलंस, तुका ह्या कळूक व्हया.

कसा ता तुमी दोघा बघा. बेगीन बघा.

राधाबाई

(सुभद्राआत्या, माईआत्याला ताप नाही. सकाळी ऑक्सिजन शहाण्णव होता. हे पत्र तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घाई कळायला "बेगीन" पुन्हा लिही म्हणाली. बेगीन. अनुजा)


डिलाईल रोड, २३ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तू जिंकलीस असं समजू नको.

रस्ता एकच आहे. माझं गाऱ्हाणं या चाळीतल्या माणसांचं. माई या चाळीतली राहिली नाही तर शब्द मोडत नाही. रविवारी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवून मी सांगेन, आजपासून ही सुभद्राच्या घरची. मग तुझ्या घरात तुला काय टोचायचं ते टोच.

पण तू काय मागतेस ते नीट समजून घे. एकदा तुझ्या घरची झाली की ती माझ्या घरची म्हणून परत येणार नाही. पाहुणी येईल. गणपतीला आली तरी पाहुणी. गौरीचा नैवेद्य तिच्या हातून होतो, तो आता कांताच्या हातून होईल. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती या खोलीत परत आली. तेव्हा मी पाळण्यात होतो. माझं आंघोळीचं पाणी तिने तापवलंय. तुला शास्त्र येतं, हे येतं काय?

काल तिला हे सांगितलं. तिने ट्रंक पुढे ओढली.

पहिलं गाऱ्हाणं मी मागे घेणार नाही, पुन्हा विचारू नको. रविवारी तूच ये. अनुजावर सोपवू नको, तू ये, टॅक्सी घेऊन. आणि काय काय नेलंस ते तारीख घालून लिहून दे. उद्या गावचे भाऊबंद विचारतील, म्हातारपणी बहिणीला घराबाहेर काढलीस काय रे? तेव्हा माझ्या हातात कागद पाहिजे.

दत्ताराम


ठाकूरद्वार, २७ फेब्रुवारी, रविवार

दत्ताराम,

कागद मागितलास, तो देते. तुझ्या भाऊबंदांना खुशाल दाखव. खाली हेही लिहिलेलं आहे असं सांग, की तिला कोणी घराबाहेर काढलं नाही. एका माणसाला आपला शब्द गिळता आला नाही, म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या बाईने घर बदललं. तिची वेळ उद्या सकाळी अकराची आहे.

आज दुपारी डिलाईल रोडच्या खोलीतून माझ्या ताब्यात आलं ते असं:

राधाबाई, आपली थोरली बहीण. ताप नाही. जिना उतरताना चार वेळा थांबली. त्यातली एक वेळ दम्याची होती.

दम्याचा पंप, साखरेच्या गोळ्या, ऐकण्याचं यंत्र. यंत्र डबीतून कधी बाहेर निघालेलं दिसत नाही.

आधार कार्ड आणि दोन मात्रांचं सर्टिफिकेट.

ट्रंक एक. आत सात लुगडी, एक शाल, आई-बाबांचा फोटो. फोटोवर तुझा हक्क आहे असं मी म्हटलं, तू ऐकलं नाहीस.

ओटी. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. ही कांताने भरली. विधवेची ओटी भरायची नसते, हे त्या गॅलरीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे आणि त्या सगळ्या दारात उभ्या राहून बघत होत्या. कांताने माईचा पदर स्वतः पसरला. माई म्हणाली, "गो, ह्या काय करतंस?" कांता म्हणाली, "घरातून बाई पाठवतंय, रिकामी पाठवू?" कांताला सांग, हे मी लिहून ठेवलं आहे.

पिशवी एक, प्लास्टिकची, वरून गाठ मारलेली. टॅक्सी सुरू झाल्यावर तू ती खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलीस आणि पाठ फिरवलीस. मी घरी येऊन उघडली. आत आधार कार्डांच्या झेरॉक्स आहेत. लक्ष्मी, पहिला मजला. मीराबाई आणि तिचा नवरा. मनू, जिन्याखालचा. आणखी पाच जण. प्रत्येकाच्या मागे खोली नंबर, फोन नंबर, दुसऱ्या मात्रेची तारीख आणि काय आजार आहे ते, तुझ्या अक्षरात. म्हणजे तू दारोदार फिरलास. त्यांना काय सांगितलंस ते मी विचारत नाही. सगळ्यांच्या वेळा आज संध्याकाळी घेतल्या. पहिले चार जण गुरुवारी. खुर्च्या लागतील.

जानेवारीत ज्यांना होऊन गेला त्यांना एप्रिलपर्यंत थांबायचं आहे, म्हणून कांताची झेरॉक्स वेगळ्या पाकिटात होती, ती बाजूला ठेवली आहे.

दत्ताराम याची झेरॉक्स पिशवीत नव्हती. दोनदा पाहिलं. मिळाली नाही.

घेणारी,
सुभद्रा